त्या आठ महिन्यांचं काय सांगू?

वाचकाचं पत्र

ताई, माझं वय २९. शिवाजी विद्यापीठाची मेकॅनिकलची पदवी, पण काम करते सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात तीसेक माणसांच्या एका कंपनीत लागले. मे २०२१ मध्ये बाबांना कोविड झाला. ते वाचले, पण कितीतरी महिने घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागलं आणि आई एकटी होती. मी सरांना फोन केला आणि कराडला निघून आले ती परत त्या ऑफिसात गेलेच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरी नोकरी लागली, आजवर तिथेच आहे.

आता एका मोठ्या कंपनीची ऑफर आलीय. राजीनामा दिलाय, २४ दिवसांनी जॉइनिंग. काल बीजीव्हीची (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे उमेदवाराच्या माहितीची पडताळणी) लिंक आली आणि पोटात गोळाच आला. रेझ्युमेत मी पहिली नोकरी जानेवारी २०२२ पर्यंत दाखवलीय. गॅप दिसला की रेझ्युमे बाजूला पडतो, असं एका सीनियरने सांगितलं होतं. त्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, माझ्याकडे नाही, आणि त्या जागेत आता जिम आहे. मैत्रिणीच्या ओळखीचा एक कन्सल्टन्सीवाला १२ हजारांत हव्या त्या तारखांचं लेटर करून देतो, पडताळणीचा फोन आला तर उत्तरही देतो म्हणे. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललंय, मार्कशीटवर माहेरचंच आहे, तोही घोळ. फॉर्म भरायला पाच दिवस आहेत. नवऱ्यालाही यातलं काही सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर

आधी बाबांबद्दल. ते आता मशीनशिवाय असतील अशी मनापासून आशा करते. आणि त्या आठ महिन्यांची तुला लाज वाटतेय असं पत्रातून जाणवलं, त्याचं वाईट वाटलं. २०२१ च्या उन्हाळ्यात घरी परतलेल्या कितीतरी मुलामुलींचे रेझ्युमे मी एचआरमध्ये असताना हातात घेतलेत. त्या जागेपाशी आमचा कुणाचा हात अडखळत नाही. अडखळतो तो ती जागा कशानेतरी बुजवलेली दिसते तेव्हा.

आता १२ हजारांचं लेटर. ते घेऊ नकोस. मैत्रीण कितीही चांगल्या मनाने सांगत असली तरी नको.

२०१९ मध्ये माझ्या टेबलावर एक फाइल आली होती. बार्शीकडचा मुलगा, मुलाखतीत उत्तम, ऑफर दिलेली. त्याने एका लहान वर्कशॉपचं मार्च २०१५ चं रिलीव्हिंग लेटर जोडलं होतं. भाषा ठीक, सही-शिक्का ठीक. लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरात जीएसटी नंबर छापलेला. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. मी ती ओळ तीनदा वाचली, मग त्याला बोलावलं. पोरगं रडायला लागलं. त्याने तिथे खरंच दोन वर्षं काम केलं होतं! घर बदलताना मूळ कागद गहाळ झाला, मालक फोन उचलेनात, तेव्हा डीटीपीवाल्याने त्या वर्कशॉपचं अलीकडचं कोटेशन समोर ठेवून लेटरहेड बनवून दिलं. पीएफच्या पासबुकात त्याची दोन्ही वर्षं होती. तेवढं दाखवून ‘कागद हरवलाय’ म्हणाला असता तर मी तिथेच फाइल पुढे सरकवली असती. पण बनावट कागद एकदा फाइलला लागला की आमच्याही हातात काही राहत नाही. ती ऑफर मला वाचवता आली नाही, आणि ते अजून सलतं.

तुझ्या बाबतीत तर त्या कागदावरच्या तारखाही खोट्या असतील. शिवाय असली लेटरं देणाऱ्यांची नावं, फोन नंबर पडताळणी करणाऱ्या एजन्सींकडे साठलेले असतात, त्यांच्या याद्या असतात. तुझं आधार, पॅन त्या माणसाकडे जाईल आणि तू कुठे लागलीस हेही त्याला कळेल. उद्या तो आणखी पैसे मागणार नाही याची खात्री कोण देणार? आणि खोटा कागद खरा म्हणून पुढे करणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, तेव्हा गोष्ट नोकरीपुरती राहत नाही.

एजन्सीला काय दिसतं ते नीट समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पीएफ लागू होतो, म्हणजे तुझा बहुतेक कापला गेला असणार. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर तुझ्या यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाखाली, ‘सर्व्हिस हिस्टरी’ असते. तुझ्या दोन कंपन्या, दोन ओळी, प्रत्येकीपुढे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. पासबुकात महिन्यागणिक वर्गणी. मे २०२१ च्या पगाराची शेवटची, मग एकदम फेब्रुवारी २०२२. मधल्या आठ ओळी नाहीतच. फॉर्ममध्ये यूएएन भरलास की हे समोरच्याला दिसू शकतं, कुठल्याही लेटरने ते झाकत नाही. (एका महिन्याच्या पगारातली वर्गणी कंपनी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरते. तेव्हा शेवटच्या नोंदीवर जूनची तारीख दिसली तर गोंधळून जाऊ नकोस.)

दुसरं, एजन्सी तुला नोकरीवर ठेवत नाही आणि काढतही नाही. ती फक्त अहवाल देते. सगळं जुळलं तर हिरवा, तारखा किंवा कागद खोटे निघाले तर लाल, आणि कंपनी बंद पडल्याने किंवा उत्तर न आल्याने खातरजमा झाली नाही तर मधला पिवळा. पिवळ्या अहवालावर एचआर उमेदवाराला फोन करतो, आणखी कागद मागतो, बहुतेकदा गाडी पुढे जाते. तुझी बंद पडलेली कंपनी पिवळ्यात बसते. ताणलेली तारीख लालमध्ये बसते. आज त्यातली तारीख तुझ्या हातात आहे, कारण फॉर्म अजून भरलेला नाही.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी नव्या कंपनीच्या एचआरला मेल कर. आजच. तू तो इंग्रजीत पाठवशील, पण मजकूर असा ठेव:

‘पडताळणीचा फॉर्म भरण्याआधी माझ्या रेझ्युमेतली एक चूक मला दुरुस्त करायची आहे. अमुक कंपनीतली माझी नोकरी ऑगस्ट २०१८ ते मे २०२१ अशी होती. रेझ्युमेत मी ती जानेवारी २०२२ पर्यंत दाखवली, ते बरोबर नव्हतं. जून २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात वडिलांच्या गंभीर आजारपणामुळे मी नोकरी करत नव्हते. कंपनी सोडताना मला रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही आणि आता त्या पत्त्यावर कंपनी नाही. पीएफचं पासबुक, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट सोबत जोडते आहे. दुरुस्त केलेला रेझ्युमेही जोडला आहे. फॉर्ममध्ये मी याच तारखा भरते आहे.’

एवढंच. ‘टायपिंग मिस्टेक झाली’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नकोस. आठ महिने कुणाच्या बोटाने चुकून पडत नाहीत, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. सीनियरवरही ढकलू नकोस. बाबांचं डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांची बिलं जोडू नकोस. ती त्यांची खासगी गोष्ट आहे, ‘वडिलांचं आजारपण’ एवढं पुरतं. कुणी मुद्दाम मागितलंच तर तेव्हा बघता येईल. मेल गेला की रिक्रूटरला फोन करून सांग की मेल पाठवलाय, वाचून घ्या. फोनवर आवाज कापला तर कापू दे.

आता जे घडू शकतं तेही स्पष्ट सांगते. काही कंपन्या रेझ्युमेतल्या फरकाबद्दल फार कडक असतात. ऑफर मागे घेतली जाऊ शकते, किंवा पगाराचा आकडा पुन्हा बघू म्हणतील. मी दोन्ही पाहिलंय. पण उमेदवाराने आपणहून, पडताळणीच्या आधी सांगितलं आणि अनुभवाची अट तरीही पूर्ण होत असली की बऱ्याचदा आम्ही ‘रेकॉर्ड दुरुस्त केलं’ अशी नोंद करून पुढे जायचो. तुझी अट किती वर्षांची होती ते ऑफरच्या वेळच्या जाहिरातीत बघ. पाच वर्षं असेल तर ते आठ महिने वजा करूनही तू त्याच्या बरीच वर आहेस, आणि हे मेलमध्ये एका वाक्यात लिहायला हरकत नाही.

घाई करायला सांगतेय त्याचं खरं कारण तुझा राजीनामा आहे. आज तू अजून जुन्या कंपनीत आहेस. नव्यांनी नकार दिला तर मॅनेजरकडे जाऊन राजीनामा मागे घ्यायची विनंती करता येते, आणि जागा भरली नसेल तर ती पुष्कळदा मान्यही होते. जॉइन झाल्यानंतर दोन महिन्यांनी लाल अहवाल आला तर मागचं दार बंद झालेलं असेल आणि नव्या नोकरीतून काढल्याची नोंद कायमची मागे लागेल. अनेक कंपन्या पडताळणी पूर्ण व्हायच्या आत रुजू करून घेतात, आणि ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशी ओळ असतेच. काढून वाच.

नवऱ्याला आज रात्री जेवताना सांग. मेल पाठवण्याआधी. हे चोवीस दिवस तू एकटीने काढू नयेस.

मग कागद. पहिल्या कंपनीने तुझी सोडल्याची तारीख पीएफला कळवलेलीच नसण्याची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर पहिल्या ओळीत ती जागा कोरी दिसेल, आणि कागदावर तू फेब्रुवारी २०२२ पासून दोन नोकऱ्या एकदम करत्येस असा अर्थ निघेल. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हापासून दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की एचआर जरा जास्तच थांबून बघतो. याला उपाय तुझ्याच हातात आहे. मेंबर पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एग्झिट’ असतं. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले की सोडल्याची तारीख सदस्याला स्वतः भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली द्यायची. भरण्याआधी दोनदा तपास, कारण नंतर ती बदलून घेणं जिकिरीचं आहे. यूएएनवर नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं असल्यामुळे अडलं तर या पाच दिवसांत त्याच्या मागे लागू नकोस. ‘पीएफमध्ये कंपनीने तारीख भरलेली नाही’ एवढं मेलमध्ये लिहून मोकळी हो, दुरुस्ती सावकाश कर.

बंद कंपनीसाठी एकच मोठा कागद शोधत बसू नकोस, लहान लहान चार गोळा कर. ऑफर लेटर किंवा अपॉइंटमेंट लेटर. पहिली आणि शेवटची मिळून तीन-चार स्लिपा. पगार जमा झालेल्या खात्याचं २०१८ ते २०२१ चं स्टेटमेंट. नेट बँकिंगमध्ये इतकं जुनं निघत नसेल तर शाखेत अर्ज दे, देतात. फॉर्म १६ असेल तर उत्तम. आयकराच्या पोर्टलवरचा २६एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, तोही काढून बघ, पण तेव्हाच्या पगारावर टीडीएस कापलाच गेला नसेल तर त्यात कंपनीचं नाव दिसणार नाही, म्हणून घाबरू नकोस. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे ती सुरू आहे की नोंदणीतून काढून टाकलीय ते दिसतं. ते पान जोडलंस तर एजन्सीचा एक आठवडा वाचतो. मात्र जागेवर जिम आलं म्हणजे कंपनी संपलीच असं नाही. ती दुसरीकडे गेलेली असू शकते. सापडली तर नम्रपणे लिही, नोटिशीचे पैसे बाकी असतील तर भरायची तयारी दाखव आणि सर्व्हिस लेटर माग.

आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण असणार असं मला वाटतं. त्या दिवशी सरांना फोन केलास, त्यानंतर व्हॉट्सॲपवर काही बोलणं झालं होतं का? ‘सर, बाबांना ॲडमिट केलंय, मला येता येणार नाही’ आणि त्यांचं ‘काळजी घे’? असेल तर तो स्क्रीनशॉट सोन्यासारखा जप. कापू नकोस, वरची तारीख आणि नाव दिसू दे. नोटीस न देता पळून गेली आणि कळवून गेली यातला फरक तेवढ्या दोन ओळींनी पडतो. ते सर लिंक्डइनवर सापडले तर त्यांना मेसेज कर, एजन्सीचा फोन आला तर बोलाल का विचार. कंपनीच्या पत्राइतकं वजन त्याला नाही, पण पिवळ्या अहवालात त्याची मदत होते.

आडनावाचं तू उगाच मनावर घेतलंस. लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या फाइलीत हे असतं. फॉर्ममध्ये आधीच्या नावाचा रकाना असतो, तिथे मार्कशीटवर जसं आहे तसं, त्याच क्रमाने पूर्ण नाव लिही. विद्यापीठ त्याच नावाने शोधणार आहे. विवाह नोंदणीचा दाखला जोड, राजपत्रात नाव बदललं असेल तर तेही. पदवीच्या वर्षाकडे मात्र लक्ष दे. परीक्षा उन्हाळ्यात पास झालीस आणि दीक्षांत पुढच्या वर्षी झाला, तर प्रमाणपत्रावर पुढचं साल दिसू शकतं. फॉर्मला उत्तीर्ण झाल्याचं साल हवं असतं, ते शेवटच्या सत्राच्या मार्कशीटवरून घे. एवढ्याशा फरकाने चांगल्या चांगल्या फाइली आठवडाभर पडून राहिलेल्या मी पाहिल्यात.

पत्त्याच्या पडताळणीसाठी कुणी माणूस तुझ्या सध्याच्या घरी येईल, किंवा लोकेशनसह फोटो टाकायची लिंक येईल. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेव. कायमचा पत्ता कराडचा दिला असशील तर आईलाही फोन कर, नाहीतर अनोळखी माणूस लेकीची चौकशी करतोय म्हणून ती धास्तावेल. आणि तिला हे आवर्जून सांग: पडताळणीवाला पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही. खर्च कंपनीचा असतो. ‘बीजीव्ही फी भरा’ म्हणणारा फोन तुलाही येऊ शकतो. तो चोर समजायचा आणि ठेवून द्यायचा. लिंकसुद्धा एचआरच्या मेलमध्ये दिलेल्या एजन्सीचीच आहे ना, हे भरण्याआधी ताडून घे.

तुझ्याशी संबंध नाही, पण हे वाचणाऱ्या काहींच्या उपयोगाचं म्हणून दोन वाक्यं. कुणावर जुना लहानसा गुन्हा किंवा कोर्टात केस असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ती नावानिशी सापडते, आधी स्वतः शोधून बघा आणि फॉर्मने विचारलं असेल तर खरं लिहा. सरकारी नोकरीबाबत अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय की दिलेली माहिती खरीच हवी. खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असं नाही. पण तरुण वयातल्या एखाद्या क्षुल्लक प्रकरणाची माहिती दडली असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. खासगी कंपन्यांचे नियम आपापले असतात, तरी सांगितलेल्या केसपेक्षा दडवलेली केस जास्त नडते, हा माझा अनुभव.

तुझं आजचं काम एवढंच: नवऱ्याशी बोलणं, मग मेल. फॉर्म एचआरचं उत्तर आल्यावर भर. पाच दिवस अपुरे वाटले तर त्याच मेलमध्ये दोन-तीन दिवसांची मुदत मागून घे. कागद जुने आहेत, बँकेतून काढायचेत, असं सांगितलं की ती मिळते. आणि काय झालं ते मला कळव. ऑफर राहिली तरी, गेली तरी. गेली तर पुढचा रेझ्युमे आपण बसून लिहू, त्यात जून २०२१ ते जानेवारी २०२२ समोर ‘वडिलांची शुश्रूषा, कराड’ अशी ओळ असेल.